गुडघ्याच्या स्नायूंची ताकद: वय आणि लिंग लक्षात घेऊन कशी मोजावी, कशी वाचावी, कशी वाढवावी

समजा, गुडघा सरळ करण्याची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर दोघांचा आकडा सारखाच आला: ९० न्यूटन मीटर. एक आहे पंचविशीतला ८० किलो वजनाचा पुरुष, दुसरी पासष्ट वर्षांची ५८ किलो वजनाची स्त्री. वजनाने भागले तर पुरुषाचे होतात १.१ आणि स्त्रीचे १.५५. स्त्रीचा आकडा तिच्या वयाला शोभणारा आहे. पुरुषाचा आकडा मात्र चिंतेचा, कारण त्या वयाच्या निरोगी पुरुषाकडून अडीच ते तीनची अपेक्षा असते. न्यूटन मीटरमधला हा आकडा म्हणजे टॉर्क, सांध्याभोवती पाय फिरवणारा जोर. वय, लिंग आणि वजन सोबत नसेल तर नुसत्या टॉर्कच्या आकड्यावरून काहीच ठरत नाही. अहवालावर आकडा ठळक असतो आणि या तीन गोष्टी कोपऱ्यात असतात, म्हणून बहुतेक गोंधळ होतो.

## नेमके काय मोजायचे आहे

मांडीच्या पुढच्या बाजूला चार स्नायूंचा गट असतो, क्वाड्रिसेप्स. तो वाटीमार्गे नडगीच्या हाडाला जोडलेला असतो आणि गुडघा सरळ करतो. खुर्चीतून उठताना, जिना चढताना खरा भार यावर येतो. उतरताना तो ताणत ताणत ब्रेकचे काम करतो. मागच्या बाजूचे तीन स्नायू म्हणजे हॅमस्ट्रिंग. ते गुडघा वाकवतात आणि नडगीचे हाड पुढे सरकू देत नाहीत. दोन्ही गट मोजावेत. फक्त पुढचा मोजून थांबले तर, विशेषतः तरुण मुलींच्या बाबतीत, महत्त्वाची अर्धी माहिती हातातून जाते.

आणखी एक भेद आधीच लक्षात ठेवा. जास्तीत जास्त जोर ही एक गोष्ट, आणि तो जोर किती झटकन लावता येतो ही दुसरी. पहिलीला ताकद म्हणू, दुसरीला शक्ती म्हणजे पॉवर. अडखळल्यावर तोल सावरायला दुसरी लागते, आणि वयाबरोबर तीच आधी जाते.

## वय काय करते

वयात येण्यापूर्वी मुलगा आणि मुलगी यांच्या गुडघ्याच्या ताकदीत फारसा फरक नसतो. तेरा-चौदाव्या वर्षानंतर मुलांची ताकद झपाट्याने वर जाते, मुलींची सावकाश. साधारण विसाव्या ते पस्तिसाव्या वर्षांदरम्यान शिखर येते. चाळिशीपर्यंत उतार जाणवतही नाही. पन्नाशीनंतर दरवर्षी एक ते दीड टक्का ताकद कमी होते आणि सत्तरीनंतर हा वेग वाढतो. सत्तर ते एकोणऐंशी वयाच्या लोकांना तीन वर्षे तपासणाऱ्या एका मोठ्या अमेरिकी पाहणीत गुडघ्याची ताकद दरवर्षी सुमारे अडीच ते चार टक्क्यांनी घटली. पायांतले स्नायूंचे वस्तुमान मात्र दरवर्षी एक टक्क्याच्या आसपासच घटले होते.

म्हणजे मांस जाते त्याच्या तिप्पट वेगाने ताकद जाते. मांडीचा घेर टेपने मोजून ‘स्नायू शाबूत आहेत’ असा निष्कर्ष काढणे त्यामुळेच फसवे ठरते. यामागे मुख्य कारण चेतातंतूंचे आहे. स्नायूंना आज्ञा देणाऱ्या पाठीच्या कण्यातल्या पेशी वयानुसार कमी होतात. त्यांच्या वाट्याचे काही तंतू शेजारच्या पेशी सांभाळायला घेतात, उरलेले वाळून जातात. वेगाने आकुंचन पावणारे तंतू यात आधी आणि जास्त बारीक होतात, म्हणून पॉवर ताकदीच्याही आधी घसरते. शिवाय स्नायूंच्या आत चरबी शिरते. घेर तसाच राहतो, पण आतला काम करणारा भाग कमी झालेला असतो.

दिलाशाची बाजूही आहे. ताणत ताणत भार पेलण्याची क्षमता, म्हणजे खुर्चीत हळू बसताना किंवा जिना उतरताना लागणारी, उतारवयात तुलनेने चांगली टिकते. व्यायाम ठरवताना हिचा उपयोग होतो. त्याकडे पुढे येऊ.

## लिंगाचा वाटा, आणि त्यातला सापळा

पायांच्या बाबतीत स्त्रियांची सरासरी निव्वळ ताकद पुरुषांच्या ६० ते ७० टक्के असते. हातांच्या बाबतीत दरी मोठी असते, जवळजवळ निम्म्याची. पण पायांच्या ताकदीला शरीराच्या वजनाने भागले की फरक बराच कमी होतो, आणि स्नायूच्या जाडीने भागले की जवळपास मिटतो. स्त्रीचा स्नायू ‘कच्चा’ नसतो, तो आकाराने लहान असतो. एक गोष्ट तर उलटी आहे: कमाल जोराच्या ठरावीक टक्क्यांवर स्नायू आवळून धरायला सांगितले तर स्त्रिया सहसा जास्त वेळ टिकतात.

घसरणीचा वेग टक्केवारीत पाहिला तर पुरुषांमध्ये थोडा जास्तच दिसतो. तरीही अडचणीच्या रेषेपाशी स्त्रिया आधी पोहोचतात. कारण सुरुवातच खालून झालेली असते. कागदावर मांडून पाहू. वजनाच्या प्रमाणात पुरुषाची ताकद १००, स्त्रीची ८०, आणि हाताचा आधार न घेता उठायला लागणारी किमान ताकद ५० धरू. पन्नाशीपासून दोघांचीही दरवर्षी दीड टक्का घट झाली, तर स्त्री एक्याऐंशीच्या सुमारास ५० वर येते, पुरुष शहाण्णवच्या सुमारास. हे आकडे समजण्यापुरते आहेत. प्रत्यक्षात उतार नंतर वाढत असल्याने दोघेही आधी पोहोचतात आणि अंतरही घटते. पण गणिताचा रोख तोच राहतो: टक्केवारी सारखी असली तरी शिल्लक सारखी नसते. त्यात पाळी थांबण्याच्या सुमारास इस्ट्रोजेन कमी होते आणि स्नायूंची झीज वेग घेऊ शकते. पुरुषांमध्ये टेस्टोस्टेरॉन वर्षाला साधारण एक टक्क्याने, हळूहळू उतरत जाते. तिथे असा एकदम कडा नसतो.

‘शिल्लक’ हा शब्द जपून वापरला आहे. खुर्चीतून उठताना वा जिना चढताना तरुण माणूस गुडघ्याच्या कमाल ताकदीचा निम्म्याच्या आसपास वाटा वापरतो, वयस्क माणूस ८० टक्क्यांच्या जवळपास. दोघेही उठतात, बाहेरून फरक दिसत नाही. मग तापाने आठवडाभर अंथरूण धरले की ज्याची शिल्लक कमी तो उठू शकत नाही.

वजनाने भागण्यातही सापळा आहे. वजनात चरबीचा वाटा मोठा असेल तर भागाकार लहान येतो आणि स्नायू खरेच अशक्त आहे की भार जास्त आहे, ते कळत नाही. म्हणून नोंद करताना दोन्ही आकडे लिहा, निव्वळ टॉर्क आणि वजनाने भागलेला. रोजच्या हालचालींसाठी दुसरा महत्त्वाचा, स्नायूची प्रगती पाहायला पहिला.

## पायरी १: घरी खुर्चीची चाचणी

बिनहातांची, न घसरणारी, सरळ पाठीची खुर्ची घ्या. बसायची उंची जमिनीपासून ४३ सेंटिमीटर हवी. खुर्ची भिंतीला टेकवा.

१. खुर्चीच्या मध्यावर बसा. पाठ टेकवू नका, पावले जमिनीवर सपाट ठेवा.
२. दोन्ही हात छातीवर फुलीसारखे ठेवा.
३. एक-दोनदा उठून सराव करा आणि मिनिटभर थांबा.
४. दुसऱ्या व्यक्तीने ‘सुरू’ म्हणताच पूर्ण उभे राहा, पुन्हा पूर्ण बसा, असे ३० सेकंद करत राहा.
५. पूर्ण उभे राहिलेले प्रत्येक वेळचे मोजा. वेळ संपताना अर्ध्याहून जास्त उठला असाल तर तेही धरा. हातांचा आधार घ्यावाच लागला तर गुण शून्य.

खालील आकड्यांपेक्षा कमी वेळा उठता आले तर ताकद वयाच्या मानाने सरासरीखाली आहे आणि पडण्याचा धोका तपासायला हवा:

- ६० ते ६४: पुरुष १४, स्त्रिया १२
- ६५ ते ६९: पुरुष १२, स्त्रिया ११
- ७० ते ७४: पुरुष १२, स्त्रिया १०
- ७५ ते ७९: पुरुष ११, स्त्रिया १०
- ८० ते ८४: पुरुष १०, स्त्रिया ९
- ८५ ते ८९: दोघांनाही ८

दुसरा प्रकार म्हणजे पाच वेळा उठायला लागणारा वेळ. आशियाई निकषांनुसार (२०१९) १२ सेकंद किंवा जास्त, युरोपीय निकषांनुसार (२०१९) १५ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर स्नायूंच्या झिजेची, म्हणजे सार्कोपेनियाची, पुढची तपासणी करावी. या चाचणीत स्त्री-पुरुषांना वेगळी रेषा नाही.

चुका कुठे होतात? सर्वात जास्त खुर्चीत. आसन तीन-चार सेंटिमीटर उंच असले की आकडा फुगतो, मऊ गादी असली की घटतो. अर्धवट बसून पुन्हा उठणे, धड झोकून उसळी घेणे, हात नकळत मांडीवर टेकणे या नेहमीच्या. उंच माणसाला तीच खुर्ची ठेंगणी पडते, त्यामुळे तुलना शक्यतो स्वतःच्याच जुन्या आकड्याशी करा. एखाद-दुसऱ्या उठण्याचा फरक रोजच्या चढउतारातही पडू शकतो.

तरुणांसाठी ही चाचणी फार सोपी आहे. त्यांनी त्याच खुर्चीतून एका पायावर उठून पाहावे आणि दोन्ही पायांची संख्या वेगवेगळी लिहावी.

## पायरी २: हातात धरायचा डायनामोमीटर

फिजिओथेरपिस्टकडे हे छोटे उपकरण असते. ते जोर दाखवते, टॉर्क नाही. टॉर्क आपण काढायचा असतो.

रुग्णाला उंच टेबलावर बसवा. नितंब आणि गुडघा ९० अंशांत, पाय लोंबते, गुडघ्याची मागची लवण टेबलाच्या कडेपासून दोन बोटे पुढे. मांडी पट्ट्याने बांधा. उपकरण घोट्याच्या हाडापासून पाच सेंटिमीटर वर, नडगीच्या पुढच्या बाजूला लावा आणि न ताणल्या जाणाऱ्या पट्ट्याने टेबलाच्या मागच्या पायाला अडकवा. पट्टा नडगीशी काटकोनात हवा. आता गुडघ्याच्या सांध्याच्या फटीपासून उपकरणाच्या मध्यापर्यंतचे अंतर मीटरमध्ये मोजून ठेवा.

दोन वेळा अर्ध्या जोराने सराव. मग एक-दोन सेकंदांत जोर वाढवत नेऊन एकूण पाच सेकंद पूर्ण ताकदीने ढकलायला सांगा. मध्ये एक मिनिट विश्रांती देत तीनदा. सर्वात मोठा आकडा घ्या. पहिल्या आणि तिसऱ्या वेळेत १० टक्क्यांहून जास्त फरक असेल तर चौथ्यांदा मोजा. हॅमस्ट्रिंगसाठी उपकरण त्याच उंचीवर पायाच्या मागे लावा आणि पट्टा समोर अडकवा.

हिशेब असा: उपकरणाने ३०० न्यूटन दाखवले, अंतर ०.३२ मीटर, तर टॉर्क ९६ न्यूटन मीटर. वजन ६० किलो असेल तर १.६. उपकरण किलोत दाखवत असेल तर आधी ९.८१ ने गुणा.

पट्टा न वापरता नुसत्या हाताने धरून मोजण्याची सवय सर्रास दिसते. तरुण पुरुषाच्या क्वाड्रिसेप्सपुढे तपासणाऱ्याचा हात टिकत नाही, आणि मग आकडा रुग्णाचा न राहता तपासणाऱ्याचा होतो. यामुळे स्त्री-पुरुषांमधला आणि तरुण-वृद्धांमधला फरक खोटाच कमी दिसतो: बलवानांचा आकडा छाटला जातो, अशक्तांचा बरोबर येतो.

## पायरी ३: आयसोकायनेटिक यंत्र

हे यंत्र पायाला ठरावीक वेगापेक्षा जास्त हलू देत नाही, कितीही जोर लावा. खेळाडूंसाठी आणि शस्त्रक्रियेनंतर हाच भरवशाचा मार्ग.

पाच ते दहा मिनिटे सायकलवर अंग गरम करा. मांडीच्या हाडाचा गुडघ्याजवळचा बाहेरचा उंचवटा बोटाने शोधा आणि यंत्राचा अक्ष बरोबर त्यासमोर आणा. छाती, कंबर, मांडी बांधा. पायाचे वजन तोलून घ्या. हे विसरले तर गुरुत्वाकर्षण वाकवताना मदत करते आणि सरळ करताना अडवते, म्हणजे हॅमस्ट्रिंग खोटेच मजबूत दिसतात. अशक्त वृद्धांमध्ये ही चूक सर्वात मोठी ठरते, कारण त्यांच्या एकूण टॉर्कमध्ये पायाच्या वजनाचा वाटा मोठा असतो. आधी धडधाकट पाय, मग दुखरा. सेकंदाला ६० अंश वेगाने पाच वेळा, मिनिट-दीड मिनिट विश्रांती, मग १८० अंश वेगाने दहा ते पंधरा वेळा.

उतारवयात फक्त ६० अंशांवर थांबू नका. पॉवरची घसरण जास्त वेगावर उघडी पडते.

## आकडे वाचताना

डाव्या-उजव्यातला १० टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. १५च्या पुढे कारण शोधावे. दोन्ही पाय अशक्त असले तर फरक मात्र शून्य येतो आणि सगळे ठीक वाटते. साठीनंतरच्या लोकांमध्ये हे वारंवार घडते, म्हणून तिथे समानतेपेक्षा निव्वळ आकडा आधी पाहावा.

हॅमस्ट्रिंगला क्वाड्रिसेप्सने भागले की ६० अंशांच्या वेगावर साधारण ०.५ ते ०.६ च्या वर यावे. वेग वाढला की हे प्रमाणही वाढते. वयात येणाऱ्या मुलींमध्ये क्वाड्रिसेप्स पुढे जातात आणि हॅमस्ट्रिंग मागे राहतात. उडी मारून उतरताना, अचानक वळताना पुढचा लिगामेंट (गुडघ्याच्या आत हाडांना बांधून ठेवणारा पट्टा, एसीएल) ज्या ताणाखाली येतो तो थोपवायला हॅमस्ट्रिंगच हवेत. वळण-उडीच्या खेळांत मुलींना ही दुखापत मुलांपेक्षा कितीतरी जास्त होते, त्याच्या अनेक कारणांपैकी हे एक. हाडांची ठेवण बदलता येत नाही, हे बदलता येते. एक मात्र खरे, क्वाड्रिसेप्स कमजोर झाले तरीही प्रमाण ‘छान’ दिसते. प्रमाण एकटे कधीच वाचू नका.

गुडघ्यात सूज असताना मोजूच नका. सांध्यात वीस-तीस मिलिलिटर पाणी साठले तरी वाटीच्या आतल्या बाजूचा स्नायू प्रतिक्षिप्तपणे मंदावतो. तेव्हा येणारा आकडा स्नायूचा नसून सुजेचा असतो. वेदना असेल तर तीही शून्य ते दहामध्ये आकड्याशेजारी लिहा.

## ताकद वाढवताना

टक्केवारीत पाहिले तर स्त्रिया आणि पुरुष व्यायामाला जवळपास सारखाच प्रतिसाद देतात. वयाची अट तर जवळजवळ नाहीच: १९९० मध्ये बोस्टनमध्ये सरासरी नव्वद वर्षांच्या दहा जणांकडून आठ आठवडे वजनाचा व्यायाम करून घेतला गेला. कमाल वजनाच्या (जे एकदाच उचलता येते त्याच्या) ८० टक्के, आठ-आठचे तीन संच, आठवड्यातून तीनदा. ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. पहिल्या काही आठवड्यांत ही वाढ मुख्यतः चेतातंतू सुधारल्याने होते, स्नायूची जाडी सहा-आठ आठवड्यांनी दिसू लागते.

सर्वांसाठी पाया एकच: खुर्चीवर बसणे-उठणे किंवा लेग प्रेस (यंत्रावर बसून पायांनी वजन ढकलणे), १५ ते २० सेंटिमीटरच्या पायरीवर चढणे, बसून गुडघा सरळ करणे, आणि हॅमस्ट्रिंगसाठी पाठीवर झोपून टाचा रोवून कंबर उचलणे. आठवड्यातून दोन-तीनदा, मध्ये किमान ४८ तास, प्रत्येकाचे ८ ते १२ चे दोन ते तीन संच, दोन मिनिटे विश्रांती. वजन असे निवडा की दहाव्या वेळी थांबल्यावर आणखी दोनच करता आली असती. सलग दोन दिवस बारापर्यंत सहज पोहोचलात की पाच टक्के वाढवा. वर नेताना एक सेकंद, खाली आणताना तीन.

उतारवयात सर्वात जास्त घडणारी चूक म्हणजे वजन कधीच न वाढवणे. अर्ध्या किलोचा पट्टा बांधून महिनोन्‌महिने तीस-तीस वेळा पाय हलवल्याने दम वाढतो, ताकद नाही. सुरुवात कमाल वजनाच्या ४० ते ५० टक्क्यांनी करा, पण सहा आठवड्यांत ७० पर्यंत जा. त्यानंतर एक संच पॉवरचा ठेवा: हलके वजन घेऊन उठायचे झटकन, बसायचे सावकाश. उठताच येत नसेल तर उंच आसनावरून फक्त बसायचा भाग करा, हातांनी आधार घेऊन उठा आणि पुन्हा हळू बसा. वर म्हटलेली टिकून राहिलेली क्षमता इथे कामी येते. दर आठवड्याला आसन दोन सेंटिमीटर कमी करा.

पन्नाशीच्या आसपासच्या स्त्रियांनी वाट पाहू नये. चालणे चांगलेच, पण सपाटीवर चालताना क्वाड्रिसेप्सवर इतका कमी भार येतो की ताकद वाढत नाही. किशोरवयीन मुलींनी हॅमस्ट्रिंगवर वेगळा वेळ द्यावा आणि उडीनंतर गुडघे आत न वळवता, वाकवून, आवाज न करता उतरण्याचा सराव करावा. तरुण पुरुषांमध्ये उलट खोड दिसते: वजन भारी, हालचाल अर्धी.

वाटीभोवती दुखत असेल तर बसून पाय सरळ करताना ९० ते ४५ अंशांतच (पूर्ण सरळ गुडघा म्हणजे ०) काम करा आणि उभ्याने किंवा लेग प्रेसवर ० ते ४५ मध्ये. वाटीवरचा दाब या पट्ट्यांत कमी असतो. व्यायामात दहापैकी तीन-चारपर्यंतची वेदना, जी दुसऱ्या सकाळपर्यंत उतरते, ती चालते. सूज आली तर भार कमी करा. गुडघा लाल आणि गरम असेल, अडकत असेल, अचानक दगा देत असेल तर आधी डॉक्टर. रक्तदाब आटोक्यात नसेल तर तो आधी आटोक्यात आणा, आणि कोणीही जोर लावताना श्वास रोखू नये.

उतारवयात रोज शरीराच्या प्रत्येक किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ६० किलोला ६० ते ७२ ग्रॅम, तिन्ही जेवणांत वाटून. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे प्रमाण डॉक्टरच ठरवतील.

सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा मोजा: तीच खुर्ची, तीच वेळ, तोच क्रम. उपकरणावर १० टक्क्यांहून कमी बदल झाला तर त्यावर विसंबू नका. मध्ये आजारपण आले तर नोंदीत लिहा. निरोगी वृद्धांनाही दहा दिवस अंथरुणावर ठेवल्यावर पायांतले सुमारे एक किलो स्नायू आणि गुडघ्याची जवळपास १५ टक्के ताकद गेलेली आढळली आहे. म्हणून डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर अंथरुणातही गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून तो पाच सेकंद खाली दाबायचा, दहा वेळा, दिवसातून चारदा. आणि उठायची परवानगी मिळताच दर दोन तासांनी पलंगाच्या कडेवरून पाच वेळा उठणे-बसणे सुरू करायचे.